परभाषेच्या तासातील अपेक्षा आणि गुणदान
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



परभाषेच्या तासात मुलांकडून काय अपेक्षावे आणि गुण कशाचे द्यावेत, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. आपल्या राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीच्या वर्गापासून शिकविली जाते, तेव्हा हा प्रश्न आपणां सर्वांच्या रोजच्या कामातलाच आहे. तथापि आपल्या वर्गाविषयी मी आपणांस नवे काय सांगणार? म्हणून आज मी आपणांस जरा दूरच्या एका वर्गात घेऊन जाणार आहे. अमेरिकेतील ज्युनिअर हायस्कुलात बारा ते चौदा वर्षांची मुले स्पॅनिश भाषा शिकतात. त्या वर्गात वर्षारंभी मुलांना काय सांगितले जाते, वर्षअखेर गुण कशाचे मिळतात, आणि त्या गुणांवरून तेथील शिक्षकांत वाद का माजला आहे, एवढे आज पाहू. आपल्या कामाचा भाग शेवटी येईल. तोवर थोडा धीर धरावा, ही विनंती.

ज्युनिअर हायस्कूल म्हणजे तिकडील प्राथमिक शाळा आणि हायस्कूल यांच्यामधला टप्पा. ओहायो राज्यातील कोलंबस शहरी १९०९ साली अशी शाळा सुरू झाली आणि पुढे ती पद्धत देशभर पसरली. त्यात सातवी, आठवी आणि पुष्कळदा नववी हे वर्ग असत. १९६० नंतर सहावी ते आठवीच्या 'मिडल स्कूल'ने तिची बरीचशी जागा घेतली. जुने नाव मात्र अनेक शाळांच्या पाट्यांवर अद्याप आहे. या वयात मुलांना बहुधा पहिल्याने परभाषा घेता येते आणि जी मुले घेतात त्यांतील सर्वांत अधिक मुले स्पॅनिश घेतात. याचे कारण उघड आहे. १८४८ सालच्या तहाने मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेस मिळाला, आणि त्या मुलखाबरोबर स्पॅनिश बोलणारे लोकही त्या देशात आले. त्यानंतर दक्षिणेकडून येणाऱ्यांचा ओघ चालूच राहिला. आज त्या देशात घरी स्पॅनिश बोलणारांची संख्या चार कोटींहून अधिक आहे. म्हणून तेथील वर्गात एका बाकावर अशी मुलगी असते, की जिच्या कानांवर स्पॅनिशचा शब्द कधी पडलेला नाही. आणि शेजारच्या बाकावर असा मुलगा असतो, की ज्याची आजी त्याला त्याच भाषेत जेवायला हाक मारते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपणांस पुन्हा यावयाचे आहे.

पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मोठा नाही. नमस्कार-चमत्कार, आकडे, वार, महिने, घरातील माणसे, शाळेतील वस्तू, वेळ विचारणे, आवडनिवड सांगणे आणि वर्तमानकाळातील क्रियापदे, एवढ्यात वर्ष संपते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना यात काही गोष्टी फार जड जातात, आणि गंमत अशी, की त्याच गोष्टी मराठी मुलाला सहज कळाव्यात. स्पॅनिशमध्ये प्रत्येक नामाला लिंग असते. 'ला मानो' म्हणजे हात, हा शब्द स्त्रीलिंगी. 'एल मापा' म्हणजे नकाशा, हा पुल्लिंगी. इंग्रजी मूल विचारते, हाताला कसले लिंग? आपले मूल हा प्रश्न विचारणारच नाही, कारण त्याच्या भाषेत हात पुल्लिंगी, मान स्त्रीलिंगी आणि नाक नपुंसकलिंगी असतेच. समवयस्काला स्पॅनिश मूल 'तू' म्हणते, अगदी आपलाच उच्चार, आणि वडीलधाऱ्यास 'उस्तेद' म्हणते. 'मला पुस्तक आवडते' हे त्या भाषेत 'मे गुस्ता एल लिब्रो'. पुस्तके अनेक असली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. आपण 'आवडते'चे 'आवडतात' करतो तसेच. आवडणारी वस्तू कर्त्याच्या जागी, आणि माणूस 'मला' होऊन बाजूला. इंग्रजी मुलांचे महिनेच्या महिने या एका वाक्यरचनेपायी जातात. 'मी आवडतो पुस्तक' या थाटाचे काहीतरी ती लिहितात आणि तेथे लाल शाई पडते. हा लाल शाईचा प्रश्नच आपला आजचा विषय.

आता वर्षारंभीच्या पत्रकाकडे वळू. पहिल्याच आठवड्यात शिक्षक प्रत्येक मुलास एक-दोन पानांचे छापील पत्रक देतो. ते घरी न्यावयाचे, पालकांनी वाचून खाली सही करावयाची आणि मुलाने परत आणून द्यावयाचे. वर्गात काय घेऊन यावे, बोलताना हात कसा वर करावा, गृहपाठ कधी द्यावा, उशिरा दिल्यास काय होईल, गैरहजर मुलाने बुडालेले काम किती दिवसांत भरून काढावे, वर्गात शक्य तेवढे स्पॅनिशच कसे बोलावे, हे सारे त्यात असते. शेवटी गुणांची वाटणी. अशा पत्रकांत पुष्कळदा आढळणारी वाटणी उदाहरणादाखल सांगतो : घटकचाचण्यांना शेकडा ४०, छोट्या चाचण्यांना २०, गृहपाठास २०, वर्गातील सहभागास २०. एकूण ९० वा अधिक झाले तर 'ए', ८०च्या वर 'बी', ७०च्या वर 'सी', ६०च्या वर 'डी' आणि ६०च्या खाली 'एफ', म्हणजे नापास. मध्ये 'ई' का नाही, असे आपणांस वाटेल. अक्षरांची ही पद्धत मॅसॅच्युसेट्समधील माउंट होल्योक या महाविद्यालयाने १८९७ साली सुरू केली तेव्हा नापासासाठी 'ई'च होते. दुसऱ्याच वर्षी पायऱ्या वाढल्या व नापासाकडे 'एफ' गेले. पुढे पायऱ्या घटल्या, पण 'एफ' आपल्या जागी राहिले.

पत्रकाची ही चाल मला फार चांगली वाटते, हे प्रथमच सांगून टाकतो. मुलाकडून आपण काय मागणार आहोत हे मागण्यापूर्वी सांगणे आणि ते त्याच्या आईबापांनाही कळविणे, यात मुलाचा मान आहे. आपल्याकडे मूल कित्येकदा परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका हातात पडल्यावरच गुरुजींना काय हवे होते ते शिकते. परंतु चांगल्या पत्रकातही गुणांची वाटणी वाचता वाचता एका ठिकाणी अडखळल्यासारखे होते. गृहपाठ वेळेवर दिला, वही आणली, हात वर केला, बडबड केली नाही, या सर्वांचे गुण चाचणीच्या गुणांत मिसळून एकच अक्षर तयार होते. काही वर्गांत तर नाक पुसण्याच्या कागदी रुमालांचा खोका वर्गासाठी आणून दिला तर जादा गुण देतात! खोका उपयोगाचा असेल, पण त्यामुळे मुलाची स्पॅनिश सुधारली असे कोणी म्हणणार नाही.

मग 'बी' या अक्षराचा अर्थ काय? एका मुलीला भाषा उत्तम येते, पण घरी धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून तिचा गृहपाठ राहतो. दुसरा मुलगा सर्व वह्या नीट देतो, पण दोन वाक्ये सलग बोलू शकत नाही. दोघांनाही 'बी'. पुढील वर्षाच्या शिक्षकाच्या हाती ही अक्षरे जातात, आणि या दोघांपैकी कोणाला कोठून शिकवावे हे त्याला त्यांवरून काडीमात्र कळत नाही.

शून्याचा हिशेब तर आणखी विचार करावयास लावणारा आहे. समजा, एका मुलाने पाच कामांपैकी चारांत प्रत्येकी ८० गुण मिळविले, म्हणजे 'बी'. पाचवे काम दिलेच नाही, तेथे शून्य पडले. बेरीज ३२०, पाचाने भागले की ६४. मूल 'बी'वरून एकदम 'डी'वर आले. चार वेळा उत्तम केलेल्या कामाने जे सांगितले, ते एका न दिलेल्या वहीने पुसून टाकले. कारण असे, की ए ते डी या चार अक्षरांना मिळून ४० गुणांची जागा आहे आणि एकट्या नापासाला ६० गुणांची. म्हणून तेथील काही शाळांनी न दिलेल्या कामासही किमान ५० धरण्याचा नियम केला. त्या हिशेबाने याच मुलाची सरासरी ७४ येते, म्हणजे 'सी'. यावर दुसऱ्या पक्षाचे शिक्षक रागावतात : काही न करता अर्धे गुण हा कोणता न्याय? राग अगदीच निराधार नाही. माझ्या मते दोन्ही पक्ष एका गोष्टीकडे पाठ फिरवितात. न दिलेले काम म्हणजे 'येत नाही' याचा पुरावा नव्हे. तेथे पुरावाच नाही. अशा जागी आकडा लिहूच नये, 'काम येणे आहे' असे लिहावे आणि मुलाकडून ते काम करून घ्यावे. यात शिक्षकाचे श्रम वाढतात, हे मला ठाऊक आहे.

आपल्या श्रेणींचा पट निराळा आहे. २०१० सालच्या शासन निर्णयातील श्रेणी पाहा : ३३पर्यंत 'ड' आहे आणि त्याखाली 'इ-१', 'इ-२'. वरील मुलाचा हिशेब आपल्या पटावर मांडला तर तो ८०च्या 'ब-१'वरून ६४च्या 'ब-२'वर येतो, एकच पायरी. तेव्हा शून्याचा घाव आपल्याकडे तितका खोल जात नाही. मिसळीचा दोष मात्र आपल्याकडेही आहे.

आता आकड्यांच्या अचूकतेविषयी एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टार्च आणि इलियट या दोन अभ्यासकांनी १९१२ साली हायस्कुलातील इंग्रजीच्या खऱ्या उत्तरपत्रिकांच्या नकला अनेक शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांकडे तपासण्यास धाडल्या. एकाच उत्तरपत्रिकेस कोणी ६४ गुण दिले, कोणी ९८. भाषेत मतभेद व्हावयाचेच, असे म्हणून लोकांनी ते सोडून दिले असते. म्हणून पुढल्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठविली. तेथे अंतर त्याहूनही मोठे निघाले! कोणी सुवाच्यतेचे गुण कापले होते, कोणी पद्धतीचे दिले होते. सर्व शिक्षक प्रामाणिक होते. कशाचे गुण द्यावयाचे हे मात्र आधी ठरले नव्हते. या गोष्टीला शतकाहून अधिक काळ लोटला, तरी आपण आजही '७२' आणि '७४' यांत फरक असल्यासारखे वागतो.

वर्गातील सहभाग हा आणखी एक नाजूक भाग. भाषा बोलल्यावाचून येत नाही, म्हणून बोलणाऱ्यास गुण द्यावेत, ही कल्पना ऐकावयास बरी वाटते. परंतु तेरा-चौदाचे वय म्हणजे चारचौघांत हसे होण्याची सर्वांत अधिक भीती वाटण्याचे वय. जे मूल धीट ते दहा वेळा हात वर करते; जे लाजरे ते सर्व समजत असूनही मान खाली घालून बसते. कॅलिफोर्नियातील जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात जी पद्धत मांडली तिचे मर्म येथेच आहे. शिक्षकाने परभाषेत आज्ञा द्यावी : ऊठ, दाराकडे जा, खिडकी उघड, पुस्तक मैत्रिणीला दे. मुलाने तोंडाने काही न बोलता तसे करावे. आज्ञा हळूहळू लांब आणि विनोदीही होत जातात. मूल हालते आहे यावरून त्याला कळते आहे हे शिक्षकास दिसते, आणि बोलणे आपल्या वेळी येते. तान्हे मूल तरी काय करते? 'चेंडू आण' म्हटले की आणते. 'चेंडू' हा शब्द त्याच्या तोंडून पुष्कळ उशिरा निघतो. ही पद्धत एकट्याने पुरी पडत नाही. भूतकाळ, कारणे, कल्पना या गोष्टी आज्ञेत कोंबता येत नाहीत. परंतु गुणदानापुरते तिने एक मोलाचे काम केले. समजणे आणि बोलणे यांचे दोन रकाने वेगळे केले. आपल्या पहिली-दुसरीच्या इंग्रजीच्या तासाला तर ती विनाखर्च लागू करता येते. अंगण असले म्हणजे झाले.

पाठांतराचा प्रश्न याहून वेगळा आहे. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिका दचकली. १९५८ साली तेथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला व त्यातून विज्ञान, गणित यांबरोबर परभाषांच्या शिक्षणासही पैसा मिळाला. शाळाशाळांतून ध्वनिफितींच्या भाषाप्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मुले कानाला यंत्र लावून संवाद पाठ करू लागली. परीक्षेत संवाद घडाघडा म्हटला की पूर्ण गुण. परंतु कोणी संवादाबाहेरचा साधा प्रश्न विचारला, की मूल गप्प. या अनुभवातून पुढे तेथील परभाषा-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८६ साली भाषाक्षमतेच्या पायऱ्या प्रसिद्ध केल्या. नवशिका कोण? जो सुटे शब्द आणि पाठ केलेली वाक्ये बोलतो. मध्यम कोण? जो शिकलेल्या शब्दांची आपली स्वतःची वाक्ये जुळवितो, साधा प्रश्न विचारतो आणि साध्या प्रश्नास उत्तर देतो. त्यापुढे प्रगत व त्याहून वरच्या पायऱ्या. शाळेत आठवड्याचे काही तास शिकणारे मूल पहिले वर्षभर बहुतांशी नवशिकाच राहते, आणि तसे राहणे हा त्याचा दोष नव्हे, हे या पायऱ्यांनी शिक्षकांना मान्य करावयास लावले. वर्षअखेर मुलाने काय यावे, तर 'मला माझे नाव, वय आणि घरची माणसे सांगता येतात', 'मला फळांच्या दुकानातील पाटी वाचता येते', अशा रीतीची विधाने तेथे पत्रकांत येऊ लागली. 'घटक चौथा पूर्ण' यापेक्षा हे वाक्य पालकालाही कळते.

आता लाल शाईकडे येऊ. एक मूल 'मला पुस्तके आवडतात' याऐवजी 'मला पुस्तके आवडते' या तऱ्हेचे स्पॅनिश वाक्य लिहिते. चूक आहेच, पण ऐकणारास अर्थ कळतो. दुसरे मूल 'मी बारा वर्षांचा आहे' हे लिहू पाहते. त्या भाषेत ते 'तेंगो दोसे आन्योस', शब्दशः 'मजजवळ बारा वर्षे आहेत'. वर्ष या शब्दातील एका अक्षराच्या डोक्यावर लहानशी नागमोडी रेघ असते. ती मुलाने गाळली, तर वर्षाच्या जागी जो शब्द उभा राहतो तो शरीराच्या अशा भागाचा आहे, की त्याचा उच्चार या सभेत करणे प्रशस्त होणार नाही. तेथील प्रत्येक स्पॅनिश शिक्षकाने ही चूक पाहिलेली असते. रेघ एवढीशी, पण अर्थ पार फिरला. आपल्याकडे 'दिन'चा 'दीन' होतो तसे. तेव्हा चुका मोजून प्रत्येकीस अर्धा गुण कापणे ही रीत सोपी असली तरी आंधळी आहे. अर्थ पोचला काय, हे प्रथम पाहावे. आज ज्या गोष्टीचा पाठ चालू आहे तीत मूल चुकले काय, हे दुसरे. बाकीच्या चुका नोंदीपुरत्या. पहिल्या वर्षाच्या मुलाच्या दहा ओळींवर तीस लाल खुणा झाल्या, तर पुढल्या वेळी ते तीनच ओळी लिहिते, आणि शिक्षक म्हणतो, मुलाची प्रगती झाली, चुका कमी झाल्या!

आणि आता तो शेजारच्या बाकावरील मुलगा, ज्याच्या घरी स्पॅनिशच बोलतात. सर्वांना वाटेल, याला तर पैकीच्या पैकी मिळतील. पुष्कळदा तसे होत नाही. त्याने ती भाषा कानाने घेतली आहे, डोळ्यांनी नव्हे. स्पॅनिशमध्ये 'बी' आणि 'व्ही' या दोन अक्षरांचा उच्चार एकच आहे, आणि 'एच' लिहिला तरी उच्चारावयाचा नसतो. त्यामुळे 'चला' या अर्थाचा 'बामोस' हा शब्द 'व्ही'ने लिहावयाचा तो मूल 'बी'ने लिहिते. मालमोटारीला त्याच्या घरी 'त्रोका' म्हणतात. हा शब्द इंग्रजीवरून आलेला, पण सीमेलगतच्या लाखो लोकांच्या रोजच्या तोंडचा. पुस्तकात दुसरा शब्द आहे, म्हणून यावर लाल रेघ. क्रियापदांचे तक्ते त्याने कधी पाठ केले नाहीत; ते चालविता येतात म्हणून त्यांची नावे त्याला ठाऊक नाहीत. इकडे शेजारीण तक्ता बिनचूक लिहिते आणि तिला 'ए' मिळतो, पण त्याच्या आजीने काही विचारले तर ती बिचारी पाहतच राहील. मुलाला 'सी' मिळतो. आपल्या आईच्या भाषेत आपण सामान्य आहोत, हे त्याला कागदावर लिहून मिळते.

याला मागचा इतिहासही आहे. टेक्सास राज्यात १९१८ साली इंग्रजीवाचून अन्य भाषेत शिकविणे हा दंडनीय अपराध ठरविणारा कायदा झाला होता. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलले म्हणून मुलांना शिक्षा होत असे, आणि हा प्रकार १९६०च्या दशकापर्यंत चालला. १९६८ साली संघराज्याचा द्विभाषिक शिक्षणाचा कायदा आला, व १९६९ साली टेक्सासनेही द्विभाषिक शिक्षणास मुभा दिली. म्हणजे ज्या भाषेपायी आजोबांनी छड्या खाल्ल्या, तीच भाषा नातवाला शाळा 'परभाषा' म्हणून शिकविते, आणि तीत त्याला कमी गुण देते. पुढे ही चूक तेथील शिक्षकांनीच ओळखली. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग निघाले. तेथे लेखन-वाचनावर भर असतो, घरचा शब्द खोडीत नाहीत, त्याच्या शेजारी ग्रंथातला शब्द मांडतात आणि कोणता कोठे शोभतो ते शिकवितात. कॅलिफोर्नियाने २०११ साली कायदा करून, दोन भाषांत प्रावीण्य दाखविणाऱ्या हायस्कूल-विद्यार्थ्याच्या पदविकेवर विशेष मुद्रा उमटविण्याची योजना आणली. ती पुढे इतर राज्यांनीही घेतली. घरची भाषा तीत ओझे न राहता कमाई ठरते.

शिक्षकमित्रहो, हे ऐकताना आपल्यापैकी जे नंदुरबारच्या डोंगराळ भागात, मेळघाटात किंवा भामरागडकडे काम करून आले असतील, त्यांच्या डोळ्यांपुढे काही चेहरे आले असतील. पावरी, भिल्ली, कोरकू, माडिया, गोंडी बोलणाऱ्या मुलाला मराठी हीच शाळेत भेटलेली दुसरी भाषा आहे. त्यांपैकी कोरकू ही मुंडा कुळातील, आणि गोंडी व माडिया या द्राविड कुळातील. मराठीशी त्यांचे नातेही नाही. त्या मुलाला आपण इंग्रजीचा नवशिका मानतो आणि मराठीचा मात्र 'कच्चा' मानतो. त्याची पायरी दोन्हीकडे तीच आहे. आणि जो वऱ्हाडी किंवा अहिराणी घरातून येतो, त्याच्या 'पानी'वर रेघ ओढून आपण जेव्हा 'पाणी' लिहितो, तेव्हा त्या बाकावरील मुलासारखाच एक मुलगा आपल्यापुढे बसलेला असतो. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे. याविषयी माझ्या मनात शंका नाही, कारण पुढची सारी पुस्तके तीत आहेत. परंतु 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला पाणी या वस्तूविषयी काय सांगावयाचे आहे, याचे गुण त्या रेघेखाली बुडू नयेत.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, चाचणी, वर्गकार्य अशी साधने त्यात सांगितली. पहिली-दुसरीस आकारिक ७० व संकलित ३०, तर सातवी-आठवीस आकारिक ४० व संकलित ६० असा भारांश ठरविला. 'तोंडी काम' हा रकाना पाहून अमेरिकेतील कित्येक स्पॅनिश शिक्षकांना आपला हेवा वाटावा. परंतु कित्येक नोंदवह्यांत या रकान्याखाली काय दिसते? 'इंग्रजीत रुची घेतो', 'प्रगती समाधानकारक', 'सराव आवश्यक'. तीच तीन वाक्ये तीस मुलांपुढे, फिरवून फिरवून. त्यांतील एकही वाक्य मुलाला काय येते ते सांगत नाही. 'अवधान देते', 'वही नीट ठेवते' ही वाक्ये खोटी नाहीत, पण ती वर्तनाच्या नोंदीत जावीत. इंग्रजीच्या नोंदीत 'पाच आज्ञा ऐकून करते. स्वतः दोन देते' असे असावे. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षेचे बंधन पुन्हा आले असल्याने ही काळजी अधिकच घेतली पाहिजे. पाचवीचे मूल परीक्षेत अडखळले, तर ते कोठे अडले हे चौथीच्या नोंदीवरून पाचवीच्या गुरुजींना जूनमध्येच कळले असते.

हे काम एका शिक्षकास दोन-दोन वर्ग सांभाळून करावयाचे आहे, याची मला जाणीव आहे. तीस मुलांची रोज नोंद कोणालाच शक्य नाही. रोज तीन मुलांकडे लक्ष द्यावे, तासाच्या शेवटी तीन ओळी लिहाव्यात. पंधरवड्यात वर्ग पुरा होतो. बाकीच्यांचे त्या दिवशी कागदावर काही न आले तरी चालेल.

पुढील परिषदेपर्यंत प्रत्येकाने आपल्या एका वर्गासाठी, इंग्रजीचे किंवा मराठीचे, एक पानी पत्रक तयार करून आणावे, असे केंद्रप्रमुखांशी बोलून ठरविले आहे. वरच्या अर्ध्या भागात वर्षअखेर मुलाला काय काय करता येईल, याची सात-आठ वाक्ये असावीत. ती मुलाच्या आईला वाचून दाखविली तर कळली पाहिजेत. जिथे आई मराठी बोलत नाही तिथे तिच्या भाषेत सांगता आली पाहिजेत. खालच्या भागात गुण कशाचे आणि कशाचे नाहीत, हे लिहावे. वही राहिली, मूल आले नाही, तर काय करावयाचे, हेही त्यातच असावे. छापण्याची गरज नाही. फळ्यावर लिहून मुलांकडून उतरवून घेतले तरी पुरे. सोबत एकाच मुलाच्या लेखनाचा एक कागद, नाव न घालता, आणावा. आपण सर्वजण तो एकाच वेळी, एकमेकांस न दाखविता तपासू, आणि मग कोणी किती गुण दिले ते फळ्यावर मांडू.